बोटभर मासा आणि अडलेलं धरण

अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण एकदा तरी स्मोकी माउंटन्सला गेले असतील. परतीच्या वाटेवर नॉक्सव्हिलच्या नैर्ऋत्येला लेनॉर सिटी नावाचं गाव लागतं. त्याच्या जवळच टेलिको धरण आहे. मागे मोठा जलाशय, काठाने टुमदार घरं, गोल्फची मैदानं, पाण्यात बोटी. बघून वाटतं, हे सगळं इथे कायमचंच असेल. पण या पाण्याखाली एक नदी आहे, आणि त्या नदीतल्या एका बोटभर माशाने हे धरण काही वर्षं अडवून धरलं होतं. त्याच्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला, माशाच्या बाजूने निकाल लागला, आणि तरीही धरण झालं. पुढे मासा वाचला. २०२५ साली तर शास्त्रज्ञांच्या एका गटाने सांगितलं, की हा मासा मुळात वेगळ्या जातीचा नाहीच!

माशाचं नाव स्नेल डार्टर. शास्त्रीय नाव पर्सिना टनासी. त्याच्या कोर्टकचेरीबद्दल वकिलांनी भरपूर लिहिलं आहे. पण तो जगतो कसा, खातो काय, त्याला वाहती नदीच का लागते, हे समजल्याशिवाय तो खटला नीट कळत नाही. म्हणून आधी मासा पाहू, मग धरण, आणि शेवटी तो अवघड प्रश्न: एखादी जात 'वेगळी' आहे हे ठरवायचं कसं?

तळावर बसणारा मासा

कोकणातली निवटी तुम्ही पाहिली असेल. चिखलात पुढच्या परांवर रेलून बसते आणि डोक्यावरच्या बटबटीत डोळ्यांनी इकडेतिकडे बघते. डार्टर निवटीचा नातेवाईक नाही आणि तो पाण्याबाहेरही येत नाही, पण त्याची बसण्याची ढब बरीचशी तशीच आहे. नदीच्या तळावर, दोन्ही बाजूंचे पर टेकवून, डोळे वर करून तो बसलेला असतो. काही हललं की सुळकन हातभर पुढे जातो आणि पुन्हा बसतो. डार्टर हे इंग्रजी नाव या सुळकन पळण्यावरूनच पडलं.

तो असा बसतो याचं कारण त्याच्या शरीरात आहे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे मासा पाण्यात मधल्यामध्ये, फारशी ताकद न लावता तरंगत राहतो. डार्टर गटातल्या माशांमध्ये ही पिशवी एकतर नाहीशी झाली आहे किंवा अगदी लहान राहिली आहे. पोहणं थांबलं की मासा तळाशी जातो. शांत तळ्यात हा तोटा ठरेल. पण खळाळत्या नदीत तळाला, दगडांच्या आडोशाला पाण्याचा जोर कमी असतो. तिथे बसून राहता येणं ही मोठी सोय आहे. वरच्या प्रवाहाशी झगडत बसावं लागत नाही आणि खाणंही तिथेच असतं.

डार्टर हे फक्त उत्तर अमेरिकेतले मासे आहेत. त्यांच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि टेनेसी राज्यातल्या नद्या-ओहोळांमध्ये त्यांची खास गर्दी आहे. काहींचे नर विणीच्या काळात निळे, नारिंगी, हिरवे असे रंगतात, की हा मासा इथल्या थंड ओढ्यातला आहे यावर विश्वास बसू नये. स्नेल डार्टर त्या मानाने साधा. लांबी साधारण ८ सेंटीमीटर, रंग मातकट तपकिरी, पोट पांढुरकं. पाठीवर आडवे चार गडद पट्टे, घोड्यावर खोगीर टाकावं तसे. हे पट्टे नुसते शोभेचे नाहीत. वरून पाहिलं तर फिकट गोटा, गडद सावली, पुन्हा फिकट गोटा असा नदीचा तळ दिसतो. या पट्ट्यांमुळे माशाची आकृती तुकड्यातुकड्यांत मोडते आणि तो त्या तळात मिसळून जातो.

गोगलगायींवर चालणारं घर

स्नेल म्हणजे गोगलगाय. या माशाच्या वर्षभराच्या खाण्यात अर्ध्याहून जास्त वाटा पाण्यातल्या बारीक गोगलगायींचा असतो. उरलेलं खाणं म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या निरनिराळ्या माश्यांच्या अळ्या.

आता एक साखळी लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच उभा आहे. गोगलगायी जगतात त्या दगडांवर धरणाऱ्या शेवाळाच्या पातळ थरावर. तो थर धरायचा तर दगडापर्यंत ऊन पोचलं पाहिजे, म्हणजे पाणी स्वच्छ आणि उथळ हवं. दगड उघडे राहायला हवेत, म्हणजे त्यांच्यावर गाळ बसता कामा नये. गाळ बसू नये म्हणून पाणी वाहतं हवं. वाहत्या, खळाळत्या पाण्यात प्राणवायूही भरपूर विरघळतो, आणि तो गोगलगायींनाही लागतो आणि माशालाही. थोडक्यात, प्रवाह, स्वच्छ गोटे, शेवाळ, गोगलगाय, मासा. यातली पहिली कडी निखळली की शेवटची आपोआप निखळते.

विणीचा हंगाम हिवाळ्याच्या शेवटी सुरू होतो. बाहेर थंडी असते, पाणी गार असतं, आणि हे मासे उथळ, गोटाळ जागी जमतात. एक मादी साधारण ६०० अंडी घालते, तीही एका नराबरोबर नाही, अनेकांबरोबर. दोन-तीन आठवड्यांत अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात. ती इतकी बारीक असतात की प्रवाहाशी झगडण्याची ताकद त्यांच्यात नसते. पाणी नेईल तिकडे ती वाहत जातात, काही वेळा मैलोन् मैल, आणि खाली संथ पाण्यात वाढतात. काही महिन्यांनी, अंगात जोर आला की ती पुन्हा वर, गोटाळ भागाकडे परततात. वर्षभरात वयात येतात. आयुष्य जेमतेम दोन ते चार वर्षांचं.

म्हणजे या माशाचं घर म्हणजे नदीतली एखादी जागा नाही. त्याला वरचा गोटाळ भाग लागतो, खालचा संथ भाग लागतो आणि या दोहोंमधला मोकळा रस्ताही लागतो. या रस्त्यात भिंत उभी राहिली तर खाली वाहून गेलेली पिल्लं घरी परतू शकत नाहीत. आणि भिंतीच्या मागे पाणी साठलं तर परतायला घरही उरत नाही. गोट्यांवर गाळ बसतो, खोल पाण्यात ऊन पोचत नाही, तळाचा प्राणवायू कमी होतो. मासा मारायला कुणी जाळं टाकावं लागत नाही. पाणी थांबवलं की पुरतं.

दुर्मीळ का होता?

टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए, ही सरकारी संस्था १९३३ साली स्थापन झाली. महामंदीत होरपळलेल्या त्या खोऱ्यात पूर आवरायचे, वीज आणायची, नदीतून जहाजं चालवायची असा मोठा कार्यक्रम होता, आणि त्याने त्या भागाचं जगणं खरोखर बदललं. आपल्याकडचं दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन १९४८ साली याच नमुन्यावर उभं राहिलं. पण या कामात टेनेसी नदी एकापाठोपाठ एक अशा जलाशयांची माळ बनली. बशीत बशी ठेवावी तसं एका धरणाचं पाणी वरच्या धरणाच्या पायथ्याला टेकलं.

तज्ज्ञांचा अंदाज असा, की त्यापूर्वी स्नेल डार्टर टेनेसी नदीच्या मोठ्या प्रवाहात दूरवर पसरलेला असावा. पण तेव्हा मोठ्या नदीचा तळ कुणी बारकाईने तपासला नव्हता आणि पुढे तपासायला तो तळच राहिला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिटल टेनेसी या उपनदीचा शेवटचा साधारण ५३ किलोमीटरचा पट्टा तेवढा मोकळा वाहत होता. तिथे पाणी थंड आणि स्वच्छ होतं, तळ गोट्यांचा होता. आणि नेमका त्याच पट्ट्यावर टेलिको धरणाचा आराखडा होता. बांधकाम १९६७ साली सुरू झालं.

१२ ऑगस्ट १९७३. टेनेसी विद्यापीठातले मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड एटनिअर लिटल टेनेसीच्या कॉयटी स्प्रिंग भागात पाण्यात डोकं घालून तळ पाहत होते. त्यांच्या हाती एक डार्टर लागला. त्या खोऱ्यातले मासे त्यांना तळहातासारखे माहीत होते, आणि हा त्यांतला नव्हता. १९७६ साली त्यांनी त्याचं रीतसर शास्त्रीय वर्णन छापलं आणि त्याला नाव दिलं टनासी. लिटल टेनेसीच्या काठी चेरोकी लोकांचं टनासी नावाचं गाव होतं. त्याच गावावरून टेनेसी राज्याला नाव मिळालं. तेही गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं.

न्यायालयात मासा

हा मासा सापडला त्यानंतर चार-साडेचार महिन्यांतच, २८ डिसेंबर १९७३ रोजी, अध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त जातींच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. या कायद्यात एक कडक कलम होतं. संकटात असलेल्या जातीचं अस्तित्व धोक्यात येईल किंवा तिचा महत्त्वाचा अधिवास नष्ट होईल असं कोणतंही काम केंद्र सरकारच्या खात्यांनी करू नये. १९७५ साली स्नेल डार्टर या यादीत आला. १९७६ साली टेनेसीतला कायद्याचा विद्यार्थी हँक हिल आणि त्याचे प्राध्यापक झिग्मंट प्लेटर यांनी टीव्हीएवर खटला भरला.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. धरणाला विरोध करणारे सगळेच माशाच्या प्रेमात होते असं नाही. धरणासाठी सुमारे १५ हजार हेक्टर जमीन घेतली गेली होती आणि तीनशेच्या वर कुटुंबं उठवली गेली होती. घेतलेल्या जमिनीतल्या निम्म्याहून कमी जमिनीवर पाणी येणार होतं, बाकीची विकासासाठी होती. चेरोकींची जुनी गावं आणि पूर्वजांच्या समाध्या बुडणार होत्या. धरणाला स्वतःचं वीजघर नव्हतं. एका कालव्याने पाणी शेजारच्या फोर्ट लाउडन धरणाकडे वळवून तिथे थोडी जादा वीज मिळवायची होती. हे सगळे मुद्दे लोक वर्षानुवर्षं मांडत होते, पण त्यांच्याकडे हत्यार नव्हतं. माशाने ते दिलं. पण खरं दुखणं एक आणि तक्रार दुसऱ्याच्या नावाने, असं झालं की मूळ मुद्दा बाजूला राहतो. पुढे तसंच झालं. वर्तमानपत्रांत उरलं ते एवढंच: एवढुसा मासा विरुद्ध एवढं मोठं धरण.

सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडताना महान्यायवादी ग्रिफिन बेल यांनी बाटलीत जपलेला स्नेल डार्टर न्यायमूर्तींना दाखवला. बघा, हा एवढा जीव! तरीही १५ जून १९७८ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल माशाच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकालपत्रात मान्य केलं, की दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च झालेलं, जवळजवळ पुरं झालेलं धरण तीन इंची माशासाठी थांबावं हे काहींना विचित्र वाटेल. पण कायदा स्पष्ट आहे, आणि कायदा शहाणपणाचा आहे की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही, असा निकालाचा आशय होता.

मग काँग्रेसने कायद्यात बदल करून एक समिती नेमली. एखादी जात नष्ट झाली तरी चालेल का, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे होता, म्हणून लोकांनी तिला 'गॉड स्क्वॉड' म्हणायला सुरुवात केली. जानेवारी १९७९ मध्ये समितीने एकमताने टेलिकोला सूट नाकारली. कारण काय, तर माशाचा कळवळा नाही, हिशोब! धरण जवळपास पुरं झालेलं असतानासुद्धा, आतापर्यंतचा खर्च सोडून दिला आणि फक्त राहिलेला खर्च धरला, तरी होणारा फायदा त्याहून कमीच भरत होता.

तरीही त्याच वर्षी खर्चाच्या एका मोठ्या विधेयकात टेलिकोला सगळ्या कायद्यांतून वगळणारं एक कलम घुसवलं गेलं. २५ सप्टेंबर १९७९ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. २९ नोव्हेंबरला दरवाजे बंद झाले आणि लिटल टेनेसीचं पाणी चढू लागलं.

मासा वाचला कसा?

दरवाजे बंद होण्याआधीच, १९७५ आणि १९७६ मध्ये, शास्त्रज्ञांनी सुमारे सातशे मासे पकडून हायवासी नदीत सोडले होते. पुढे होल्स्टन नदीतही सोडले. हायवासीतले मासे टिकले आणि वाढले. मग १९८० मध्ये चॅटनूगाजवळच्या साउथ चिकामॉगा ओढ्यात हाच मासा सापडला, कुणीही न सोडलेला! त्यानंतर आणखी काही ठिकाणी सापडत गेला. १९८४ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला यादीतूनच काढण्यात आलं.

'बघा, उगाच आरडाओरडा केला' असं यावर म्हणणारे होते आणि आहेत. पण मधली चाळीस वर्षं काय झालं ते पाहा. मासे हलवले गेले, कारण तो यादीत होता. नव्या नव्या ठिकाणी शोध घेतला गेला, कारण तो यादीत होता. आणि ज्या टीव्हीएविरुद्ध खटला होता, तिनेच नव्वदच्या दशकात आपल्या धरणांमधून पाणी सोडण्याची पद्धत सुधारली. धरणाच्या खोल तळातून सुटणारं पाणी उन्हाळ्यात प्राणवायूशिवायचं असतं. त्यात प्राणवायू मिसळायची सोय केली गेली आणि नदी कोरडी पडू नये म्हणून ठराविक पाणी सतत सुटत राहील अशी व्यवस्था झाली. धरणांच्या खालच्या पट्ट्यांत गोगलगायी, शिंपले, मासे परत येऊ लागले, आणि त्यांत स्नेल डार्टरही होता. साखळीची पहिली कडी, म्हणजे प्रवाह, दुरुस्त केली तर शेवटची कडी आपली आपण जुळते, हे यातून दिसलं.

जोडणारे आणि फोडणारे

जानेवारी २०२५ मध्ये येल विद्यापीठातले थॉमस निअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. त्यांनी स्नेल डार्टरची तुलना स्टारगेझिंग डार्टर नावाच्या माशाशी केली. हा मासा मिसिसिपीच्या पलीकडे, आर्कान्सा आणि मिझुरीकडच्या नद्यांत राहतो. डोळे आभाळाकडे असल्यामुळे त्याला 'तारे बघणारा' असं नाव पडलं आणि १८८७ सालीच त्याचं वर्णन झालं होतं. पाठीवर तसेच चार पट्टे, खाणं तसंच, घरही तसंच. या गटाने शरीराची मोजमापं आणि जनुकीय माहिती दोन्ही तपासली आणि निष्कर्ष काढला: स्नेल डार्टर ही वेगळी जात नाही. तारे बघणाऱ्याच माशाची ती पूर्वेकडची वस्ती आहे.

हे ठरवतात कसं? एक ओळखीचं उदाहरण घेऊ. समजा एखाद्या परदेशी भाषाशास्त्रज्ञाने फक्त मालवणात आणि नागपुरात मुक्काम केला. मालवणी आणि वऱ्हाडी ऐकून तो म्हणेल, या दोन वेगळ्या भाषा आहेत. तोच जर मालवणहून कोल्हापूर, सातारा, नगर, औरंगाबाद असं थांबत थांबत गेला, तर त्याला दिसेल की दर वीस-पंचवीस कोसांवर थोडंथोडं बदलत जातं, पण तुटत कुठेच नाही. माशांच्या जातींचंही असंच असतं. दोन टोकांना फरक आहे, एवढं पुरत नाही. तो फरक किती जुना आहे, दोन्ही बाजूंमध्ये देवाणघेवाण कधी थांबली, आणि तेवढाच फरक इतर माशांच्या एकाच जातीतल्या वस्त्यांमध्येही असतो का, हे पाहावं लागतं. १९७३ साली एटनिअर यांच्याकडे पर-खवले मोजण्याची साधनं होती. संपूर्ण जनुकसंचातली हजारो ठिकाणं एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती.

सगळ्यांना हा निष्कर्ष पटलेला नाही, आणि त्यात वावगं काही नाही. वर्गीकरणात दोन स्वभाव पूर्वापार आहेत. काही जण जोडणारे, काही जण फोडणारे. निसर्गात फरकाची उतरंड असते. तिच्यावर नेमकी रेघ कुठे ओढायची हे काही अंशी माणूस ठरवतो. संशोधनात काम करताना आम्हाला याची सवय होते. वर्तमानपत्राच्या मथळ्याला मात्र हो किंवा नाही एवढंच हवं असतं.

मग खटला खोट्या पायावर उभा होता का? माझं मत सांगते: नाही. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, १९७३ च्या कायद्यातच 'जाती' या शब्दाची व्याख्या सैल ठेवली होती. उपजाती आणि एकाच जातीचा, एका भागात राहून आपसात वीण करणारा गटसुद्धा तिच्यात बसत होता. १९७८ नंतर ही सवलत पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरती राहिली, पण मासे त्यात येतातच. म्हणजे पूर्वेकडची वेगळी वस्ती म्हणूनही या माशाला संरक्षण मिळू शकलं असतं. अर्थात, 'जगात फक्त इथेच' या दाव्याचं वजन 'इथली एक वस्ती' या दाव्याला आलं असतं का, याची मलाही शंका आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नाव काहीही असो, त्या ५३ किलोमीटरमध्ये जे होतं ते खरं होतं. गोटे, शेवाळ, गोगलगायी, वाहून जाऊन परत येणारी पिल्लं. मोठ्या नदीत हे सगळं एकदा बुडालं होतं, आणि इथे शेवटचं उरलं होतं. मासा हा त्याचा पुरावा होता. पुराव्याचं नाव बदललं म्हणून घटना बदलत नाही.

सह्याद्रीतली उलटी गोष्ट

टेनेसीत दोनाची एक जात झाली. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं आहे. १८७२ साली फ्रान्सिस डे यांनी पुण्याहून मिळालेल्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं. आज त्याला इंडोरिओनेक्टिस एव्हझार्डी म्हणतात. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या तळाशी, गोट्यांच्या फटीत राहणारा, ओठांजवळ मिश्या असलेला, लांबट अंगाचा मासा. पश्चिम घाटाच्या उत्तर भागात कुठेही असा मासा दिसला की बरीच वर्षं त्याला याच नावाने ओळखलं जाई. अलीकडच्या वर्षांत संशोधकांनी वेगवेगळ्या नद्यांमधले मासे शरीराने आणि जनुकांनी ताडून पाहिले, तेव्हा त्यांच्यातून नव्या जाती वेगळ्या निघाल्या. डोंगराच्या एका अंगाचा ओढा पूर्वेला जातो, दुसऱ्या अंगाचा पश्चिमेला, आणि मधली धार ओलांडणं बोटभर माशाच्या आवाक्यात नसतं. लाखो वर्षं असं चाललं की नाती तुटतात.

याचा व्यवहारातला अर्थ लक्षात घ्या. 'हा मासा तर सगळीकडे आहे' असं समजून एखादा ओढा आपण सिमेंटच्या नळीत घातला, आणि नंतर कळलं की तो फक्त त्याच ओढ्यात होता, तर? स्नेल डार्टरच्या बाबतीत चूक झालीच असेल तर ती जपण्याच्या बाजूने झाली. एक वस्ती जास्त वाचली. उलट्या बाजूची चूक दुरुस्त करता येत नाही.

धरणांच्या विरोधात हे लिहिलेलं नाही. कोयनेच्या विजेवर आणि उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तसं बोलणं शोभणारही नाही. पण उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवच्या पळसनाथाचं देऊळ वर येतं, हेही आपल्याला माहीत आहे. ते बघायला लोक गर्दी करतात. त्याच पाण्याखाली भीमेच्या तळावर काय राहत होतं, ते मात्र कधीच वर येत नाही, म्हणून त्याची आठवणही कुणी काढत नाही.

तुम्ही अमेरिकेच्या आग्नेय भागात राहत असाल तर येत्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन एखाद्या उथळ, स्वच्छ नदीवर जा. पोहण्याचा चष्मा आणि श्वासाची नळी एवढं पुरे. गुडघाभर पाण्यात पालथं पडा आणि पाच मिनिटं हलू नका. सुरुवातीला फक्त गोटे दिसतील. मग त्यांतला एखादा गोटा सुळकन हातभर सरकेल. मासे पकडू नका, दगड उपटून बघू नका, ते त्यांचं घर आहे. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घाटातल्या ओढ्यावरही हेच करून पाहा. तिथे काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.